शाळेचा केर : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी ते सातवी)

वैशाखात उकिरडे उपसले जातात व खत शेतावर जाते. पूर्वी ते बैलगाडीतून जाई, आता बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते. पेरणीपूर्वी हे खत रानात पसरले म्हणजे त्यात आणखी एक गोष्ट दृष्टीस पडते. काळ्याभोर खतातून शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटे, दुधाच्या पिशव्या व नायलॉनच्या दोऱ्यांचे तुकडे डोके वर काढतात. कुळव चालू लागला की ते त्यात गुंततात. पहिल्या पावसाने काही ओढ्याला जातात व उरलेले मातीतच राहतात. शेण, पालापाचोळा, राख व खरकटे यांचे वर्षभरात खत झाले. त्याच उकिरड्यात, त्याच वर्षात पडलेल्या या पुड्यांचे मात्र काहीच झाले नाही.

हे दृश्य खेड्यातील मुलांच्या नित्य पाहण्यातले आहे. स्वच्छतेच्या पाठास येथूनच प्रारंभ करावा. पुष्कळ शाळांत तो घोषवाक्यांपासून होतो. भिंतीवर अक्षरे रंगविली जातात, प्रभातफेरी निघते, आणि फेरीत वाटलेल्या गोळ्यांचे कागद फेरीच्याच वाटेवर पडतात. घोषवाक्य पाठ झाले म्हणजे काम झाले, अशी समजूत त्यातून रूढ होते. वास्तविक ‘कचरा’ हा शब्दच मुलांनी प्रथम तपासून पाहिला पाहिजे. उकिरड्यातील शेण हा कचरा नव्हे. तेथेच पडलेली पत्र्याची डबीही कचरा नव्हती, कारण भंगारवाल्याने ती विकत घेतली असती. दोन्ही एकत्र पडली, तेव्हा खत बिघडले व डबी गंजली. चांगल्या वस्तूंचा कचरा होतो तो बहुतांशी अशा मिसळण्यामुळे. आणि मिसळू न देणे हे काम दहा वर्षांच्या मुलाच्या आटोक्यातले आहे.

पाठाचा पहिला भाग एका आठवड्याचा आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत शाळेत निघणारा केर, वर्गातला, व्हरांड्यातला, अंगणातला व जेवणाच्या जागेतला, फेकून न देता एका जागी जुन्या पोत्यावर आणावा. दररोज शेवटच्या तासाला मुलांच्या एका तुकडीने त्याचे तीन ढीग करावेत : कुजणारा, भंगारात जाणारा, आणि या दोहोंत न बसणारा. तिसऱ्या ढिगाला मुले काय नाव देतात ते शिक्षकाने ऐकावे. आपण होऊन नाव सुचवू नये. काच, दाढीची पाती व खिळे शिक्षकाने आधी स्वतः काढून घ्यावेत, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज कोणासही दप्तराला हात लावू देऊ नये.

प्रत्येक ढिगाचे वजन घ्यावे. विज्ञान साहित्याच्या पेटीत ताणकाटा असल्यास तो वापरावा, नसल्यास वाण्याकडून जुनी तागडी मागून आणावी. शाळेतील धान्याचा काटा या कामास घेऊ नये. परंतु केवळ वजनावर थांबून भागणार नाही. वस्तूंचे नगही मोजले पाहिजेत. पाने व खरकटे वजनात पुढे राहतात, आणि खाऊची रिकामी पाकिटे इतकी हलकी असतात की काट्यावर ती जवळजवळ दिसतच नाहीत. वरच्या वर्गास यावरून दोन स्तंभालेख काढावयास सांगावे, एक वजनाचा व एक नगांचा. एकाच केराची ही दोन चित्रे बहुधा अगदी निराळी दिसतात. “गुरुजी, यातले खरे कोणते?” असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्या दिवशीचा गणिताचा तास सार्थकी लागला असे समजावे.

कुजणाऱ्या ढिगातील सर्वांत बोलका भाग उष्ट्या अन्नाचा होय. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरलेले असते. तांदूळ शिजल्यावर भाताचे वजन सुमारे अडीच ते तीनपट होते. समजा, एका दिवशी ताटांतून तीन किलो भात टाकला गेला. याचा अर्थ एक किलो किंवा त्याहून थोडा अधिक कोरडा तांदूळ, म्हणजेच लहान वर्गांतील दहा-बारा मुलांचा त्या दिवसाचा पूर्ण वाटा, वाया गेला. हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर मांडून घ्यावा आणि शिक्षकाने क्षणभर गप्प राहावे. पहिल्या वाढपास अर्धा डाव वाढावा व मागेल त्यास पुन्हा द्यावे, ही सूचना कोणीतरी मूलच करील.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताटात अन्न टाकणाऱ्या मुलाचे नाव वर्गात घेतले जाऊ नये. अन्न टाकण्याचे कारण दर वेळी उधळपट्टीच असते असे नाही. भात कच्चा राहिला असेल, आमटीत तिखट अधिक पडले असेल, अथवा मुलास बरे वाटत नसेल. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना या चर्चेस आदराने बोलवावे. कोणत्या दिवशी काय उरते व का उरते, हे त्यांना नोंदवहीच्या आधीपासून ठाऊक असते. आणि अर्ध्या डावाचा नियम सुरू केल्यावर पुन्हा मागण्यास संकोचणारे मूल अर्धपोटी राहात नाही ना, हे शिक्षकाने जातीने पाहावे. तसे घडत असेल तर तांदूळ वाचला असे म्हणता येणार नाही.

उरलेले खरकटे, भाजीची सालपटे व आवारातील पालापाचोळा यांसाठी खताचा ढीग करावा. उकिरडा व खताचा ढीग यांतील भेद मुलांस नीट समजावून दिला पाहिजे. उकिरड्यात जे येईल ते, येईल त्या क्रमाने पडते. आत हवा पोहोचत नाही, उन्हाळ्यात तो वाळून जातो आणि पावसाळ्यात त्याचा सत्त्वांश वाहून जातो. ढिगात थर असतात, ओल असते व हवेला वाट असते. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी ही थरांची पद्धत प्रयोगाने बसविली आणि १९३१ साली त्यांचे व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे त्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख याच वस्तूंवर ती पद्धत उभी आहे. शेतकऱ्याच्या घरी यांपैकी एकही विकत आणावी लागत नाही. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत व्हावे म्हणून भिंतींत झरोके ठेवलेले विटांचे टाके योजिले. त्यांच्या नावावरूनच त्यास ‘नाडेप’ म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे हे टाके गावात कोणाच्या शेतावर असल्यास मुलांस अवश्य दाखवावे.

शाळेस एवढ्या मोठ्या टाक्याची गरज नाही. तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच असा, फटी ठेवून नुसत्या रचलेल्या विटांचा हौद पुरेसा आहे. मात्र त्याहून फार लहान केल्यास आत ऊब धरत नाही. तळाशी काटक्या, त्यांवर वीतभर वाळलेली पाने, त्यांवर चार बोटे ओला भाग, मग शेणकाल्याचा शिडकावा व थोडी माती, असे थर चढवीत जावे. शिजलेले अन्न थोडेच घालावे व मधोमध घालून झाकावे, म्हणजे कुत्री व उंदीर येत नाहीत. ढिगातील मूठभर माल दाबला असता हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये. आठवड्याभराने एक लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवावी व दहा मिनिटांनी काढावी. शिक्षकाने प्रथम स्वतः स्पर्श करून पाहून मग ती मुलांच्या हाती द्यावी. ती कोमट, कधी चांगलीच गरम लागते. विस्तव नाही, ऊन पोहोचत नाही, मग ही ऊब आली कोठून? सूक्ष्म जीव अन्न खातात व खाताना उष्णता बाहेर पडते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा त्या सळईने अधिक लवकर पटते.

दुसऱ्या ढिगाच्या बाबतीत गावातील सर्वांत जाणता मनुष्य म्हणजे भंगारवाला. त्यास एके दिवशी शाळेत बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी आणि मुलांनी त्यास प्रश्न विचारावेत. कोणती वस्तू कोणत्या भावाने घेतो, पांढरा कागद व वर्तमानपत्र यांचा भाव निराळा का, तांबे वेगळे का ठेवतो, ही सर्व माहिती कोष्टकाच्या रूपाने लिहून घ्यावी. “काका, तुम्ही ही बाटली घेता, मग हे पाकीट का नाही घेत?” हा प्रश्न या पाठाचा गाभा आहे. बाटली एकाच पदार्थाची असते. वेफरचे पाकीट निरनिराळ्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे असून त्यांस आतून ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेला असतो. हे थर पुन्हा सुटे करणे परवडत नाही. जी गोष्ट उकिरड्याची तीच पाकिटाचीही म्हणावयाची, फरक इतकाच की येथे मिसळण कारखान्यातच होऊन आलेली असते.

प्लास्टिक हा एकच पदार्थ नव्हे, हे दाखविण्यास एक सोपा प्रयोग आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा नखाएवढा तुकडा व तिच्या झाकणाचा तेवढाच तुकडा शिक्षकाने कापून द्यावा. दोन्ही पाण्याने भरलेल्या पेल्यात टाकून बोटाने एकदा पूर्ण बुडवावेत, म्हणजे त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे निघून जातील. बाटलीचा तुकडा तळाशी बसतो व झाकणाचा वर येऊन तरंगतो. दुधाच्या पिशवीचा तुकडाही तरंगतो. बाटलीचे प्लास्टिक पाण्याहून जड, झाकणाचे हलके. एकाच वस्तूचे हे दोन भाग निराळ्या पदार्थांचे आहेत. प्लास्टिक पुन्हा वितळविणाऱ्या कारखान्यांतही चुरा पाण्यात टाकून याच रीतीने तो वेगळा करतात. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात कोरलेला अंक हीच जात सांगतो. मुलांनी घरातील वस्तूंचे असे अंक शोधून आणावेत. आईच्या परवानगीने आणावेत, हे सांगावयास विसरू नये. एरवी अर्ध्या गावाचे तेलाचे डबे शाळेत येतील.

कागदाविषयी फार सांगण्याची गरज नाही. कागद पुन्हा पुन्हा लगदा करून वापरता येतो, परंतु दर खेपेस त्यातील तंतू आखूड होतात, म्हणून काही फेऱ्यांनंतर तो निकामी होतो. लगद्यासाठी देण्यापूर्वी त्याची कोरी बाजू वापरणे हे केव्हाही श्रेयस्कर. वर्षअखेरीस वह्यांतील कोरी पाने काढून दाभणाने शिवलेली कच्ची वही पुष्कळ शिक्षकांच्या स्वतःच्या बालपणातील आहे; ती पुन्हा सुरू करावी.

तिसरा ढीग तेवढा उरतो. तो कुजत नाही व विकलाही जात नाही. २०१८ साली महाराष्ट्रात आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. एकदाच वापरावयाचे पेले, चमचे, नळ्या यांसारख्या वस्तू तीत आल्या, खाऊची पाकिटे आली नाहीत. म्हणून हा ढीग शाळेत येण्याआधीच कमी होणे एवढाच मार्ग आहे. वाढदिवसाच्या चॉकलेटांऐवजी शेंगदाणे-गूळ, पेरू, बोरे वाटता येतील. शाळेजवळील दुकानदार बरणीतील चिक्की सुटी देण्यास तयार आहे काय, हे मुलांनीच जाऊन विचारावे. तो नाही म्हणाला तर तेही नोंदवहीत लिहावे. याउलट ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शनाचा मोह शिक्षकांनी आवरावा. शीतपेयाची बाटली विकत आणून तिची फुलदाणी करणे, तीस चकाकी व थर्माकोल चिकटविणे, आणि प्रदर्शन संपताच ती शाळेमागे टाकून देणे, यात भंगारात जाऊ शकणारी एक वस्तू तिसऱ्या ढिगात जाते. बक्षीसही बहुधा तिलाच मिळते.

पुनर्वापर सर्वत्र इष्ट असतो अशी समजूत मुलांची होऊ देणे तर धोक्याचे आहे. कीटकनाशकाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी तीत तेल, रॉकेल वा पाणी ठेवावयाचे नसते, हे प्रत्येक वर्गात स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ते विष किती अल्प प्रमाणात व कोणकोणत्या वाटेने शरीरात जाते, याची यावरून कल्पना यावी. अशी बाटली, सुया, जुने सेल व फुटके दिवे मुलांनी उचलू नयेत. दिसल्यास मोठ्या माणसास सांगावे, एवढेच त्यांचे काम.

तसेच शाळेच्या मागे केर पेटविण्याची रीत बंद झाली पाहिजे. पूर्वी केर जाळीत असत तो पाने व काटक्यांचा होता आणि चुलीच्या राखेने भांडी घासली जात. प्लास्टिकच्या धुरात विषारी द्रव्ये असतात व त्याच्या राखेने भांडी घासता येत नाहीत. हा धूर सर्वप्रथम खिडकीजवळ बसलेल्या मुलांच्याच नाकात जातो.

पूर्वीच्या रीतींची माहिती मुलांनी घरातून आणावी. “आजी, तू लहान असताना बाजारातून तेल कशातून आणायचे गं?” एवढा एक प्रश्न पुरतो. घरची बाटली, कापडी पिशवी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली साखरेची पुडी, पळसाच्या पत्रावळी, जुन्या लुगड्यांची वाकळ, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, अशी यादी फळ्यावर वाढत जाते. परंतु पूर्वी सर्व उत्तम होते असा निष्कर्ष शिक्षकाने काढू नये. घराला लागून असलेल्या उकिरड्यावर माश्या होत व रोगराई पसरे. आणि गावाची घाण व मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम जन्मावरून ठराविक लोकांवर लादलेले होते. गाव स्वच्छ दिसे ते त्यांच्या श्रमावर, आणि त्याच गावात त्यांस शिवून घेतले जात नसे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम व मृत जनावरे सोलण्याचे काम स्वतः अंगीकारले, ते याच अन्यायाच्या निवारणार्थ. ही बाजू टाळून सांगितलेला स्वच्छतेचा इतिहास अपुरा राहतो.

त्याचा संबंध शाळेच्या झाडूशी आहे. गाडगे महाराज गावात शिरताच प्रथम हाती झाडू घेत व रात्री कीर्तन करीत. २००० सालापासून राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले. त्यांची तसबीर अनेक शाळांत आहे. आणि त्याच तसबिरीखाली रोज ठराविक मुलीच वर्ग झाडताना दिसाव्यात, किंवा प्रसाधनगृहाकडे ठराविक घरांतील मुलांसच पाठविले जावे, हे अजूनही कोठे कोठे घडते. पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावाव्यात, मुलगा-मुलगी वा आडनाव न पाहता. आणि यादीत पहिले नाव शिक्षकाचे असावे. पाळी शिक्षा म्हणून कोणासही देऊ नये. उशिरा आलेल्या मुलास झाडू दिला, की झाडू ही शिक्षेची वस्तू ठरली, आणि मग महिनाभर दिलेल्या पाठाचा उपयोग होत नाही.

शेवटचा प्रयोग मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावा, कारण त्यास एक सत्र लागते. आवारात पाणी न साचणाऱ्या जागी वीतभर खोलीचे सहा खड्डे घ्यावेत. पहिल्यात केळीची साल, दुसऱ्यात आंब्याची पाने, तिसऱ्यात वर्तमानपत्राचा कागद, चौथ्यात सुती चिंधी, पाचव्यात वेफरचे पाकीट व सहाव्यात नायलॉनच्या दोरीचा तुकडा पुरून प्रत्येकावर क्रमांकाची खुंटी ठोकावी. दिवाळीच्या सुटीपूर्वी काय आढळेल याचा प्रत्येक मुलाने अंदाज लिहून ठेवावा. सुटीच्या आदल्या आठवड्यात खड्डे उकरावेत. साल बहुधा सापडतच नाही. पाने, कागद व चिंधी किती उरली हे जमिनीवर व पावसावर अवलंबून असते. ते मोजून लिहावे. पाकिटावरील अक्षरे धुऊन वाचावीत व दोरी ओढून पाहावी. नंतर पाचव्या व सहाव्या खड्ड्यातील वस्तू पुन्हा होत्या तेथेच पुराव्यात आणि दरवर्षी त्याच आठवड्यात उकराव्यात. खुंट्या पावसाने हलतात, म्हणून शाळेच्या भिंतीपासूनचे अंतर मोजून खड्ड्यांचा नकाशा करावा. शिक्षकाची बदली झाल्यास तो नकाशा व नोंदवही हजेरीपटाबरोबर नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.